ताडोबाला चार वर्षांच्या मुलीला न्यावं का? (सोबत नऊ वर्षांचा वाघवेडा)

आभा_न | १४ ऑक्टोबर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ताडोबाला जायचं घाटतंय. आम्ही दोघं, सासूबाई (वय ६८, गुडघे कुरकुरतात पण उत्साह माझ्या दुप्पट), मुलगा ९ वर्षांचा आणि मुलगी ४ वर्षांची. मुलाच्या डोक्यात वर्षभर वाघाशिवाय दुसरं काही नाही. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात आणि कॅमेरा ट्रॅपमधल्या (जंगलात लावलेल्या, आपोआप टिपणाऱ्या कॅमेऱ्यांच्या) फोटोंवरून ते ओळखता येतात, हे कळल्यापासून त्याने एक वही केली आहे. सध्या त्या वहीत सोसायटीतल्या तीन मांजरांची नोंद आहे, डाव्या आणि उजव्या बाजूच्या चित्रांसकट. मुलगी मात्र पाच मिनिटं गप्प बसली तर आम्ही कपाळाला हात लावून ताप बघतो.

नवऱ्याचं म्हणणं, दोन वर्षं थांबू. सासूबाई म्हणतात, दोन वर्षांनी माझे गुडघे थांबणार आहेत का? मला कळत नाहीये. इतक्या लहान मुलीला उघड्या जिप्सीत चार-चार तास बसवणं जमतं का? आणि खरी भीती वेगळीच आहे. वाघ दिसलाच नाही तर मुलाचं काय करायचं?

जुनाखोड | १४ ऑक्टोबर

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. चार वर्षांच्या मुलीला नेऊ नका.

तीन वर्षांपूर्वी मोहर्लीकडच्या बाजूला एक वाघीण दोन बछड्यांना घेऊन पाणवठ्याकडे येत होती. सात-आठ जिप्स्या उभ्या, सगळे श्वास रोखून. शेजारच्या गाडीतल्या लहान मुलाने भोकाड पसरलं. आई त्याला गप्प करायला वेफर्सचं पाकीट फोडतेय, त्याचा आवाज वेगळाच. वाघीण थांबली, बघितलं आणि पिल्लांना घेऊन परत बांबूत शिरली. मे महिना होता. तिला पाणी हवं होतं हो. आमचे फोटो गेले खड्ड्यात.

आठ वर्षांखाली जंगल नको, हे माझं मत. ती बाग नाही.

खवचट_मामा | १४ ऑक्टोबर

पाकीट फोडणारी व्यक्ती चार वर्षांची होती की चाळीस?

सुगरणपक्षी | १५ ऑक्टोबर

मामा +१

आभा, मी मुलीला साडेतीन वर्षांची असताना नेलं होतं. जमतं, पण मोठ्यांची सहल लहानांच्या अंगावर चढवली तर जमत नाही. आम्ही पहिल्या खेपेला तीच चूक केली: दोन दिवसांत चार सफारी. पैसे भरलेत तर वसूल करा, हा बाणा. तिसऱ्या सफारीला मुलीने गाडीत चढायलाच नकार दिला. मी तिला "आज नक्की वाघ येणार" असं सांगून चढवलं. आला नाही. त्यानंतर वर्षभर ती मला "तू खोटं बोलतेस" हे सोदाहरण ऐकवत होती.

दुसऱ्या खेपेला शहाणपण आलं. दिवसाला एकच सफारी, तीही आधी बफरमध्ये, म्हणजे जंगलाच्या बाहेरच्या पट्ट्यात. आगरझरी, देवाडा, जुनोना, कुठलंही गेट घ्या. तिथे मुलांचा अंदाज येतो आणि मग कोअरमध्ये, म्हणजे आतल्या गाभ्यात जायचं. आगरझरीला फुलपाखरू उद्यानही आहे, तिथे मुलांना पायांनी चालता येतं. हे मी मुद्दाम लिहितेय. जिप्सीतून उतरायला बंदी असते आणि मुलांना नेमकं उतरायचंच असतं. म्हणून दिवसातला काही वेळ तरी त्यांचे पाय जमिनीला लागतील असा ठेवा.

आणि कोअरमध्ये मोबाइल नेता येत नाही. गाणी लावून मुलीला शांत करू, हा बेत असेल तर आत्ताच विसरा.

गोगलगाय | १५ ऑक्टोबर

सगळे तात्त्विक बोलताहेत. कोणीतरी शू-शीचं सांगा ना. आमच्याकडे पाच वर्षांचा आहे, त्याला गाडी सुरू झाली की लागते.

सुगरणपक्षी | १५ ऑक्टोबर

@गोगलगाय, गेटवर स्वच्छतागृह असतं, तिथे "नाही आली" हे उत्तर मान्य करायचं नाही. आत ठरावीक जागीच उतरू देतात. अगदीच वेळ आली तर मुलग्यांसाठी रुंद तोंडाची बाटली. मुलींसाठी डायपर, चार वर्षांची असली तरी. "मी काय बाळ आहे का?" असं विचारेल. "वाघ बघणाऱ्यांचा गणवेश आहे" असं सांगायचं.

खवचट_मामा | १५ ऑक्टोबर

गणवेश आजोबांनाही चालेल का? मित्रासाठी विचारतोय.

कडुलिंब | १६ ऑक्टोबर

मी बालरोगतज्ज्ञ आहे, म्हणून थोडं व्यवसायातलं. इथे बरेचजण एप्रिल-मेमध्ये जा म्हणतील. पानगळ झालेली असते, पाणवठे मोजकेच उरतात आणि वाघ दिसण्याची शक्यता वाढते. खरं आहे. पण चंद्रपूरचा पारा तेव्हा ४५ च्या वर जातो. चार वर्षांच्या मुलाला दुपारच्या सफारीत बसवणं मला पटत नाही. डिसेंबर निवडलात, उत्तम.

मात्र डिसेंबरची पहाट हलक्यात घेऊ नका. उघडी गाडी, वारा तोंडावर, सूर्य अजून झाडांच्या मागे. मोठ्यांचे दात वाजतात. कानटोपी, हातमोजे, दोन पातळ स्वेटर एकावर एक (ऊन चढलं की एक काढता येतो) आणि मांडीवर ब्लँकेट. गरम पाण्याची पिशवी ब्लँकेटच्या आत ठेवली की लहान मुलं तासभर हलत नाहीत, अनुभव आहे. धुळीचा त्रास किंवा बाळदमा असेल तर मास्क, आणि नेहमीचा पंप हाताशी हवा, सूटकेसमध्ये नाही. गाडी लागत असेल तर पोट गच्च भरून निघू नका आणि रिकाम्या पोटीही नको.

जुनाखोड | १६ ऑक्टोबर

मामांना उत्तर: पाकीट फोडणारी पस्तिशीची असावी. मुद्दा मान्य. मोठे जास्त गोंगाट करतात. गेल्या खेपेला एक गृहस्थ गाइडला "अरे तो कुठला तरी फेमस वाघ दाखव ना" म्हणून दर दहा मिनिटांनी टोचत होते. तरीही आठ वर्षं हे मत कायम.

पिंपळपान | १७ ऑक्टोबर

कपड्यांचं कोणी लिहिलं नाही. भडक रंग नकोत. लाल-केशरी तर अजिबात नको, प्राणी बिथरतात. खाकी किंवा मातकट हिरवा घ्या.

टिंबटिंब | १७ ऑक्टोबर

@पिंपळपान, इथे एक गंमत आहे. हरणांना लाल आणि हिरवा यांतला फरक फारसा दिसत नाही. आपल्याला वाघ केशरी दिसतो, चितळाला तो हिरवट दिसतो. म्हणून तर तो गवतात लपतो, नाहीतर एवढा नारिंगी प्राणी उपाशीच मेला असता. उलट निळा रंग हरणांना चांगला दिसतो. म्हणजे तुमच्या केशरी टोपीपेक्षा आमची जीन्स जास्त आगाऊ.

हे आभाच्या मुलाला सांगा, त्याच्या वहीत जाईल.

पिंपळपान | १७ ऑक्टोबर

मी आयुष्यभर जीन्स घालून लोकांना लाल रुमालावरून बोललो आहे. 🙈

कोलाराकर | १८ ऑक्टोबर

नमस्कार. मी कोलारा गेटजवळच्या गावचा. सध्या नोकरीने बाहेर आहे, पण माझा मोठा भाऊ गाइड आहे. काही गोष्टी सांगतो.

नागपूरकडून येत असाल तर चिमूरमार्गे कोलारा, नवेगाव ही गेटं सोयीची, चंद्रपुरात उतरत असाल तर मोहर्ली. मंगळवारी कोअर बंद असतो, दरवर्षी कोणी ना कोणी मंगळवारी सामान घेऊन उभे असतात. तिकिटावर ज्यांची नावं आहेत त्यांची मूळ ओळखपत्रं ठेवा. आजींसाठी पुढची सीट मागून घ्या, मागच्या उंच सीटवर धक्के जास्त बसतात.

आता मुलांचं. भाऊ सांगतो की मुलं सोबत असली की त्याला बरं वाटते. मोठे लोक गाडीत बसल्याबसल्या विचारतात, "काल साइटिंग कुठं झाली?" पोरं विचारतात, "हे भोक कोणाचं?" मग तो वारूळ दाखवतो, अस्वलाने उकरलेलं. अस्वलीण पिल्लांना पाठीवर घेऊन फिरते, हे सांगितलं की पोरं एकमेकांच्या पाठीवर चढाले लागतात. करूचं झाड दाखवतो, पांढऱ्या सालीचं, रात्री चांदण्यात भुतासारखं दिसते. पावसाळा संपल्यावर आलात तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी मोठ्या कोळ्यांची जाळी, तळहाताएवढी कोळीण मधोमध बसलेली. तळ्यात मगरी. मोहर्ली-ताडोबा रस्त्यावर गोंड राजांच्या काळचे दगडी खांब आहेत. त्यांच्यातून दोर ओवून घंटा वाजवत चंद्रपूरपर्यंत निरोप पोचवायचे असं जुने लोक सांगतात. भाऊ पोरांना खांब मोजायला लावतो. बरोबर आकडा अजून कोणाचाच आला नाही.

आभा_न | १८ ऑक्टोबर

@कोलाराकर, किती छान लिहिलंत! खांब मोजायची कामगिरी मुलीकडे. तिला वीसपर्यंत येतात, त्यानंतर पुन्हा अकरा.

टिंबटिंब | १९ ऑक्टोबर

मुलाला कॉल ऐकायला शिकवून न्या, म्हणजे वाघ-बिबट्याची चाहूल लागली की बाकीचे प्राणी देतात त्या इशाऱ्याच्या हाका. घरी आधी सराव करता येतो. चितळाची तीक्ष्ण शीळवजा हाक, वानराचं खॅक-खॅक, भेकराचं कुत्र्यासारखं भुंकणं आणि सांबराचा तो एकच खोल "पॉंक". चितळ भित्रं, ते उगाचही ओरडतं. सांबर ओरडलं की मात्र गाइडही गाडी बंद करतो. वानर झाडावरून लांबचं बघतं, चितळाला वास चांगला येतो, म्हणून दोघं बऱ्याचदा एकत्र दिसतात. शिवाय वानर पानं खाली टाकतं, ती चितळाला मिळतात.

आमच्या घरी यावरून खेळ होता: ज्याने पहिला कॉल ओळखला त्याचा एक गुण, चुकीचा ओळखला तर दोन वजा. मुलं तासन् तास गप्प बसतात, कारण बोललं की ऐकू येत नाही. जुनाखोड, हे तुमच्यासाठी.

जुनाखोड | १९ ऑक्टोबर

बरं. सात वर्षं.

खवचट_मामा | १९ ऑक्टोबर

लिलाव सुरू झाला. पाच म्हणणारे कोणी आहे का?

रानभूल | २० ऑक्टोबर

थोडं अवांतर. सगळे ताडोबाच का? महाराष्ट्रात सहा राष्ट्रीय उद्यानं आहेत: ताडोबा, नवेगाव, पेंच, गुगामल, चांदोली आणि बोरिवलीचं संजय गांधी. ताडोबा सगळ्यांत जुनं, १९५५ चं, हे मान्य. पण मेळघाटात गुगामलकडे गेलात तर गर्दी कमी आणि डोंगर जास्त. वाघ दिसत नाही, पण जंगल दिसतं. ताडोबात लोक वाघ बघतात आणि जंगल राहून जातं.

सुगरणपक्षी | २० ऑक्टोबर

रानभूल, नऊ वर्षांच्या वाघवेड्याला "वाघ दिसत नाही पण जंगल दिसतं" हे तुम्ही समजावणार का? मी फोन लावून देते.

कोलाराकर | २१ ऑक्टोबर

वरती कोणी लिहिलं, जंगल म्हणजे बाग नाही. बरोबर आहे. त्यावरून लिहावंसं वाटलं, धाग्याला धरून नसेल तर माफ करा.

आमच्या गावातल्या पोरांना कोणी विचारत नाही की जंगलात न्यायचं वय कोणतं. शाळेतून येताना अंधार पडत असेल तर कोणीतरी मोठं माणूस घ्यायला जाते. मार्च-एप्रिलमध्ये मोह पडतो. फुलं पहाटे गळतात, म्हणून वेचायलाही पहाटेच जावं लागते, ओणवं बसून. वाघाला ओणवं माणूस माणसासारखं दिसत नाही, म्हणतात. अस्वलालाही मोह आवडतो. आई मला लहानपणी सोबत न्यायची तेव्हा माझं काम एकच, बोलत राहायचं. मोठ्यानं. गाणं म्हण, पाढे म्हण, काहीपण. पंधराचा पाढा मी मोहाखाली पाठ केला.

ताडोबा हे नाव तारू या गोंड गावप्रमुखावरून आलं म्हणतात. तो वाघाशी लढताना मेला, तळ्याच्या काठी त्याचं देऊळ आहे. पर्यटकांना गाइड ही गोष्ट सांगतात तेव्हा ती गोष्ट असते. गावात ती बातमी असते, नाव तेवढं बदलते.

तरी कोणी मला विचारलं की वाघ नको का, तर नको असं मी म्हणणार नाही. भावाचं घर त्यावर चालते. दोन्ही खरं आहे. तुम्ही मुलांना आणा. फक्त बफरमधल्या गावातून जाताना रस्त्यात माणसं दिसतील, सरपण घेऊन, सायकलवर. त्यांच्याकडेही एकदा बोट दाखवा, हे लोक इथं राहतात म्हणून.

कडुलिंब | २१ ऑक्टोबर

तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. जंगलात मुलाला गप्प कसं बसवायचं यावर आम्ही आठवडाभर खल करतोय, आणि तुमची आई तुम्हाला बोलत राहा म्हणायची.

खवचट_मामा | २१ ऑक्टोबर

आज विनोद नाही.

गोगलगाय | २४ ऑक्टोबर

धागा वर काढतेय. मुलाला वाघ दिसला नाही तर काय, हा आभाचा मूळ प्रश्न तसाच राहिला ना?

टिंबटिंब | २४ ऑक्टोबर

त्याला उत्तर नाही. रडेल. आम्ही मोठे आतून रडतो, एवढाच फरक. माझा अकराव्या सफारीपर्यंत पाठीमागूनसुद्धा वाघ नव्हता.

रानभूल | २४ ऑक्टोबर

जाण्याआधी त्याला वाघाव्यतिरिक्त तीन गोष्टी स्वतः निवडायला सांगा. त्याच्या यादीतल्या, तुमच्या नाही. गवा, रानकुत्रे, मत्स्यघुबड, जे त्याला वाटेल ते. नाही दिसला वाघ तरी वहीत पान भरतं. आणि "नक्की दिसेल" असं कोणीही म्हणायचं नाही, आजीनेसुद्धा.

आभा_न | २५ ऑक्टोबर

ठरलं! जातोय. दोन बफर, एक कोअर, मधे एक दिवस मोकळा. मुलाची यादी: रानकुत्रे, चौसिंगा, अस्वलाची शी. (शेवटचं का ते विचारू नका, त्यात बिया दिसतात म्हणे.) मुलीची यादी: ससा.

जुनाखोड | २५ ऑक्टोबर

शुभेच्छा. ससा पहाटे रस्त्याच्या कडेला दिसेल.

आभा_न | ६ जानेवारी

वृत्तांत लिहायला उशीर झाला, क्षमस्व. इथल्या प्रत्येक सूचनेचा उपयोग झाला. गरम पाण्याच्या पिशवीला साष्टांग नमस्कार. "गणवेश" यशस्वी. सासूबाईंना पुढची सीट मिळाली आणि त्यांनी गाइडदादांची तीन पिढ्यांची चौकशी पूर्ण केली. खांब मुलीच्या मोजणीनुसार "वीस आणि अकरा" आहेत.

रानकुत्रे दिसले! सात होते, रस्त्यातच लोळत होते. चौसिंगा नाही. अस्वलाची शी मिळाली, गाइडदादांनी गाडीतूनच दाखवली. मुलाने चित्र काढलं आहे, रंगवलंही आहे. ससा पहिल्याच सकाळी. (जुनाखोडकाका, तुमचं नाव घेतलं.)

आता वाघ. तीन सफारी, वाघ नाही. म्हणजे, आमच्यापैकी चौघांना नाही.

तिसऱ्या दिवशी कोअरमध्ये परतताना सांबर ओरडलं. पॉंक, तस्संच. गाडी बंद. आम्ही सगळे उजवीकडे, आवाजाच्या दिशेने बघतोय. मुलगी ब्लँकेटमधून डावीकडे तोंड करून बसलेली. ती म्हणाली, "शेपूट गेली." आम्ही वळेपर्यंत गवत हलत होतं, बाकी काही नाही. गाइडदादा म्हणाले, असू शकते. गाडी पंधरा मिनिटं उभी केली, काही आलं नाही. उतरून पगमार्क (पंजाचे ठसे) बघायची सोय नाही.

घरात उभी फूट पडली आहे. सासूबाई आणि मी: वाघ. नवरा: वारा. मुलाची अवस्था तुम्ही समजू शकता. वर्षभर वाट त्याने बघितली आणि शेपूट जिने ससा मागितला तिला. पहिल्या दिवशी तो बोललाच नाही. दुसऱ्या दिवशी त्याने तिची रीतसर उलटतपासणी घेतली. "पट्टे होते?" "रिंगा होत्या." "केवढी होती?" "आजीच्या काठीएवढी."

टिंबटिंब | ६ जानेवारी

थांबा, हे महत्त्वाचं आहे. रिंगा म्हटलं म्हणून लगेच वाघ नाही. जवादी मांजराच्या शेपटीलाही वलयं असतात, रानमांजराच्या टोकाकडेही असतात. पण त्या शेपट्या वीतभर-दीड वीत. काठीएवढी म्हणजे वाघ किंवा बिबट्या.

खवचट_मामा | ६ जानेवारी

आजींची काठी केवढी आहे? फोटो टाका, शेजारी पट्टी ठेवून.

रानभूल | ६ जानेवारी

मला वेगळी शंका आहे. "पट्टे होते?" हा प्रश्न भावाने आधी विचारला. साक्षीदाराला उत्तर सुचवलं गेलं.

आभा_न | ६ जानेवारी

रानभूल, हेच मुलगा म्हणतो! "मी चुकीचा प्रश्न विचारला, आता पुरावा खराब झाला." म्हणून वहीत नोंद केली नव्हती. काल बघितलं तर शेवटच्या पानावर केली आहे, पेन्सिलने. तारीख, वेळ, डावी बाजू, "फक्त शेपूट". मांजरांची पानं पेनाने आहेत.

काठी ८८ सेंटीमीटर. मोजली.

कोलाराकर | ६ जानेवारी

भावाला फोन केला. तो म्हणते, त्या भागात वाघीणही आहे आणि बिबट्यापण. एक विचारा तिला. बिबट्या चालताना बऱ्याचदा शेपटीचं टोक वर वळवते, खालची बाजू पांढरी दिसते. म्हणून शेपूट वर होती की खाली, ते विचारा.

जुनाखोड | ६ जानेवारी

आणि "वर होती का" असं विचारू नका. "कशी होती" असं विचारा.

आभा_न | ६ जानेवारी

झोपली आहे आत्ता. मुलगा मात्र जागाच आहे, माझ्या खांद्यावरून हे सगळं वाचतोय. सकाळी प्रश्न मीच विचारायचा, तो खोलीच्या बाहेर थांबणार, असं त्याने ठरवलं आहे.